बाकाची दोन टोके

महाडला वाचनालयाच्या वरच्या खोलीत उज्वला कर्णिक यांची चित्रे लावली, तेव्हा पहिल्या दिवशी आलेल्या बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली : चित्रे इतकी लहान का? एकेक चित्र पत्त्याच्या पानाएवढे होते. तीन भिंतींवर सुतळ्या ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी ती अडकवलेली होती. काळी शाई, जाड कागद, रंग भरलेला कुठेच नाही. बघायचे तर भिंतीपाशी जावे लागे, चष्मा कपाळावर सरकवावा लागे आणि मागच्याने घाई केली तर त्याला थांब म्हणावे लागे. उज्वलाताईंना तेच हवे होते.

त्या महाडच्या कोर्टात लघुलेखक होत्या. त्यांच्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडायची आणि समोरच कठड्याला लागून पक्षकारांसाठी लांब बाक होता. तारखेला आलेली माणसे मधल्या सुट्टीत तिथे बसत. उज्वलाताई आपला डबा लवकर संपवत आणि उरलेल्या वेळात टाक शाईत बुडवून समोरच्या एखाद्याला कागदावर उतरवत. कागद छापखान्यातून आणलेला असे, लग्नपत्रिका कापून उरलेल्या पट्ट्या. काढून झाले की चित्र पेटीत जाई. चित्रावर नाव कधीच लिहिले नाही. कोर्टात नोकरी करून पक्षकारांची नावे चित्रांखाली घालणे त्यांना बरोबर वाटत नव्हते, आणि नोकरी असेपर्यंत त्यांनी ती पेटी कुणाला दाखवलीही नाही.

एकवीस सालच्या पुरात पेटी पाण्याखाली गेली. शाई पाण्यात न पसरणारी होती म्हणून रेषा राहिल्या. कागदांवर मात्र गाळाची तपकिरी कड उमटली, कुणाच्या गळ्यावरून, कुणाच्या कपाळावरून. त्या वाळवलेल्या कागदांतून वाचनालयाच्या पूजाने निम्मी चित्रे निवडली आणि प्रदर्शन ठरवले. उज्वलाताईंनी एक अट घातली. चित्रांखाली नावे नकोत, आणि मी कुणालाही कुणाचे नाव सांगणार नाही. पण ज्याला स्वतःची किंवा आपल्या माणसाची ओळख पटेल त्याने चित्र काढून घरी न्यावे.

त्यामुळे दोनतीन दिवसांतच सुतळीवर मोकळे चिमटे दिसू लागले. बाजारातली एक बांगडीवाली आपल्या सासूचे चित्र घेऊन गेली. एका जुन्या वकिलाच्या चित्रापुढे दोन शेतकरी बराच वेळ उभे होते, आणि त्यातला एक म्हणाला की ह्यांचे नाक आधी कोर्टात शिरायचे, हे मागनं यायचे. वकील वारले होते. त्यांचा मुलगा येऊन चित्र घेऊन गेला. नाक त्यालाही पटले.

रामा शेलार आला तो पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या भोकरवाडीतून. साठी ओलांडलेला, अंगाने काटक, मुंबईत गोदामात नोकरी करून गावी परतलेला माणूस. गावच्या पोलीस पाटलाने हे प्रदर्शन पाहिले होते, आणि 'तुमच्या घरातलं माणूस भिंतीवर हाय' एवढेच त्याने रामाला सांगितले होते. रामाने ते आपल्या थोरल्या भावाबद्दल, हैबतीबद्दल, असे धरले. दुसरे काही त्याच्या मनातच आले नाही, कारण त्याला हैबतीचे चित्र हवे होते.

हैबतीला जाऊन वर्ष होत आले होते. त्याआधी दोन्ही भाऊ याच कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे होते. रामा मुंबईहून परतला तेव्हा ओढ्याकाठचे खाचर सातबाऱ्यावर एकट्या हैबतीच्या नावे निघाले. चूक बापाच्या वेळची होती, पण हैबतीने ती दुरुस्त करायची घाई केली नाही आणि रामाने विचारायच्या आधी दावा लावला. कित्येक तारखा पडल्या. शेवटी खाचर निम्मे-निम्मे मोजून मिळाले, खुणेचे दगड बसले, आणि पुढच्या उन्हाळ्यात हैबती गेला.

भोकरवाडीत मयताला भावकीला बोलवावे लागत नाही. कळले की माणसे येतात. पण जे कोर्टात समोरासमोर उभे राहिले, त्यांनी बोलावल्याशिवाय खांद्याला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत आहे. हैबतीचा मुलगा अक्षय बोलवायला आला नाही. तिरडी रामाच्या घरावरून गेली तेव्हा रामा वाटेच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही.

आता वर्षश्राद्ध जवळ आले होते, आणि हैबतीचा धड फोटो घरात नव्हता. आधार कार्डावरचा फोटो अक्षयने मोठा करून आणला, पण त्याच्या आईने, बनुबाईने, तो भिंतीला लावू दिला नाही. ह्यात ते पकडून आणल्यासारखे दिसतात, असे ती म्हणाल्याचे वाडीभर झाले होते. ते ऐकल्यापासून रामाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दादाचे चांगले चित्र आपण नेऊन दिले, तर वर्षाच्या दिवशी त्या घरात आपल्याला बसू देतील.

दुसऱ्या भिंतीवर, खालच्या सुतळीवर, त्याला ते सापडले.

बाकाच्या टोकाला एक माणूस बसला आहे. पांढरी टोपी, पुढे आलेले कपाळ, मध्येच वाकलेले नाक, ओठांवर कापलेली मिशी. छत्री सदऱ्याच्या मागच्या कॉलरला अडकवून पाठीवर सोडलेली. खांदे एका बाजूला वळलेले आणि मान नेमकी उलट बाजूला, त्यामुळे चेहरा पूर्ण बाजूने दिसतो. मांडीवर जेवणाचा डबा आहे आणि त्याच्यावर डावा हात आडवा ठेवलेला. टोपीला दोन रेषा, छत्रीला एक, चेहऱ्याला मोजक्या. हातावर मात्र शाई दाट होती. बोटांची पेरे, मनगटाची शीर, पंजाखालची सावली, सगळे बारीक रेघांनी भरून काढलेले. लांबून ते चित्र म्हणजे एक काळा हात वाटे, आणि मग त्याच्यामागे माणूस दिसे.

रामा बराच वेळ तिथून हलला नाही. उज्वलाताई खुर्चीवरून उठून जवळ आल्या. त्याने न वळता त्यांना सांगितले की हा आपला भाऊ, आणि मग त्या चित्राकडे बघत तो बोलत राहिला. दादा असाच होता. हात बघा कसा ठेवलाय, कुणी मागायला आलं नाय तरी झाकून. जबडा बघा. अंग फिरवून बसलाय आणि डोळा मात्र माझ्याकडे. बोलायचं नाय, पण बघायचं.

“तिकडं दुसऱ्या टोकाला मी असणार,” तो म्हणाला. “मला बगतोय. तारखेला असाच बगायचा.”

आवाजात राग होता, पण तो जुना, वापरून गुळगुळीत झालेला. चष्मा ओला झाला म्हणून त्याने तो काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला तो खिडकीकडे वळला. तेव्हा उज्वलाताईंना त्याचा चेहरा बाजूने दिसला आणि त्यांनी ओळखले. चित्रातला माणूस हाच होता.

दोघे भाऊ एका साच्यातले होते. पाठमोरे असले तर वाडीतली माणसेही चुकायची. आणि स्वतःचा चेहरा बाजूने कसा दिसतो हे माणसाला ठाऊक नसते. दाढी करायचा आरसा समोरचे तेवढे दाखवतो. रामाला चित्रात जे दिसले ते घरातल्या माणसाचे नाक-कपाळ होते, आणि असे नाक-कपाळ त्याने आयुष्यभर एकाच माणसाचे बाजूने पाहिले होते.

उज्वलाताईंनी एवढेच विचारले की नक्की भाऊच ना.

“बाई, सख्ख्या भावाला मी वळखणार नाय?”

नाव सांगायचे नाही ही अट त्यांनी स्वतःच घातलेली होती. त्यांनी चिमटा काढला, चित्र एका पाकिटात घातले आणि त्याला देताना म्हणाल्या की चौकटीत घालायची घाई करू नका, आधी घरच्यांना दाखवा. त्याने मान डोलावली. पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून तो खाली उतरला आणि डेपोकडे गेला.

पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून मिनीडोर, आणि रस्ता संपतो तिथून वर पायी. भोकरवाडीत पोचला तेव्हा उन्हे उतरली होती. तो आपल्या घरी न जाता थेट हैबतीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ओटीवर त्याने पाय ठेवला नाही.

बनुबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. अक्षय महाडच्या वसाहतीतल्या कारखान्यातून पाळी संपवून नुकताच आला होता आणि पायरीवर बसून मोबाइल बघत होता. रामाने पाकीट पुढे केले आणि कशासाठी आलो ते थोडक्यात सांगितले. अक्षयने आईकडे पाहिले. तिने पदराला हात पुसले आणि पाकीट घेतले.

बनुबाई या घरात लग्न होऊन आली तेव्हा रामा शाळेत जाणारा पोरगा होता. त्याची आई आधीच गेलेली. त्याला वाढायचे, त्याचे कपडे धुवायचे, त्याला ओढ्यावरून शोधून आणायचे, सगळे बनुबाईनेच केले. तो मुंबईला गेल्यावरही ती त्याला रामाच म्हणायची. दावा लागल्यापासून तिने त्याला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती.

तिने चित्र लांब धरून पाहिले, मग जवळ आणले, मग उजेडासाठी ओटीच्या कडेला आली. अक्षय तिच्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला की बाबाच वाटतात.

“नाय,” बनुबाई म्हणाली. “ह्ये चित्र तुमचं हाय.”

रामाला कळले नाही. तो म्हणाला, “वैनी, नीट बगा.”

“मी नीटच बगते. त्यांनी छत्री कधी मागं कॉलरला टांगली नाय. ती सवय तुमची. शाळेत जाताना दप्तर पन असंच मागं टाकायचात. आनि ह्यो हात. जेवताना हात आडवा कोन धरायचं? मीच वाढायची ना.”

रामाने चित्र मागून घेतले आणि पाहिले. महाडला याच चित्रापुढे उभे राहून तो काय-काय बोलला होता ते त्याला आठवत होते. झाकून ठेवणारा हात, फिरवलेले अंग, तो डोळा. त्यातला एकही शब्द त्याला आता मागे घेता येईना, कारण सगळे चित्रात होते. त्याने आपल्या नाकाला हात लावून पाहिला, आणि अक्षयने नजर दुसरीकडे वळवली.

बनुबाईचे मात्र अजून संपले नव्हते. तिने विचारले, “ह्यो डबा कुनाचा?”

“माझा. घरनं बायको भरून द्यायची.”

“मंग माझी भाकरी?”

“कसली भाकरी?”

ती ताटापाशी येऊन बसली. मग जे सांगितले ते अक्षयलाही नवे होते. दर तारखेला ती एका फडक्यात दोन भाकऱ्या बांधायची. एक नवऱ्याला, एक रामाला. दोन घरांचे बोलणे बंद होते, म्हणून रामाच्या दारात जाऊन देता येत नव्हती. पण दोघे एकाच एसटीने जायचे, एकाच व्हरांड्यात बसायचे, आणि एका उंबऱ्यातून निघालेल्या माणसांनी एका फडक्यातले खायचे असते, हे तिच्या सासूने तिला पहिल्याच वर्षी शिकवले होते. संध्याकाळी हैबती परत आला, टोपी खुंटीला अडकवली, की ती विचारायची, रामानं खाल्ली का. तो हं म्हणायचा. फडके नेहमी रिकामे परत यायचे.

तेवढ्यावर तिने ती सगळी वर्षे काढली होती. कोर्टात काय व्हायचे ते होवो, दुपारी दोघे एकत्र जेवतात. आणि तेवढ्यामुळेच हैबती गेला त्या दिवशी तिला रामाची चीड आली होती. इतक्या तारखांना माझी भाकरी खाल्ली, आणि भाऊ गेल्याचे कळूनही बोलावण्याची वाट बघत बसला. बोलवायला जाऊ नको, हे अक्षयला तिनेच सांगितले होते.

“मला ठाऊक नाय वैनी,” रामा म्हणाला. “मला दादानं कधी दिली नाय.”

“म्हंजे ते माझ्याशी खोटं बोलले.”

अक्षय म्हणाला की आई, जाऊ दे आता. तिने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. वालाचे ताट तिने पुन्हा पुढे ओढले, पण दोनचार दाणे सोलून हात थांबले.

“वर्षाला या,” ती रामाला म्हणाली. “पन त्यांचं चित्र घेऊन या. तिथं दुपारचं ते काय करत व्हते ते मला बगायचंय. हे तुमचं तुमच्याकडं ठेवा.”

दोन दिवसांनी रामा पुन्हा महाडला आला. प्रदर्शन आटोपत आले होते. बरेच चिमटे मोकळे झाले होते. त्याने पाकीट टेबलावर ठेवले आणि म्हणाला की हा मी हाय. उज्वलाताई हो म्हणाल्या.

“तुमाला ठाऊक व्हतं?”

“तुम्ही खिडकीकडे वळलात तेव्हा कळलं.”

“मंग बोलला का नाय?”

“बोलले असते तर तुम्ही मानलं असतं?”

त्याने विचार केला आणि नाही म्हणाला. मग खुर्चीच्या कडेवर बसून त्याने सगळे सांगितले, बनुबाईचे, फडक्याचे, भाकऱ्यांचे. दादाचे चित्र तुमच्याकडे असेल तर आहे, नसेल तर संपले, हेही सांगितले. उज्वलाताईंनी पूजाला आपल्या घरी पाठवून न निवडलेल्या चित्रांची पेटी आणवली. नाव न सांगायची अट त्यांना आता मोडावी लागणार नव्हती. हैबती कोण ते त्यांनाही माहीत नव्हते. त्यांना रामाच्या चित्राचा कागद तेवढा ओळखीचा होता. फिकट गुलाबी, वरच्या कडेला सोनेरी रेघ. त्या पत्रिकेच्या पट्ट्या थोड्याच मिळाल्या होत्या, आणि त्या सलग एकदोन दिवसांत संपल्या असणार.

पेटीतल्या चिठोऱ्यांतून त्यांनी सोनेरी रेघेचे कागद वेगळे काढले. एकावर झोपलेला शिपाई होता. एकावर बाळाला पाजणारी बाई, पाठमोरी. तिसऱ्यावर पुराच्या गाळाची कड आडवी गेलेली होती आणि तिच्याखाली बाकावर एक माणूस बसलेला होता.

हे चित्र उज्वलाताईंनी कधीच चांगल्यांत धरले नव्हते. माणसाची मान खाली होती, टोपी पुढे आलेली, आणि चेहऱ्याच्या जागी मिशी आणि हनुवटीचा तुकडा तेवढा. चेहरा नाही तर माणूस नाही, असे त्यांना त्या दिवशी वाटले असावे. हात दोन्ही गुडघ्यांवर होते, उताणे नाहीत, मुठीही नाहीत, नुसते ठेवलेले. मांडीवर फडके पसरलेले, त्याचा लुगड्याचा काठ आडव्या रेघांनी दाखवलेला. फडक्यावर दोन भाकऱ्या. एक त्याच्या पोटाशी, दुसरी फडक्याच्या पार कडेला, बाकाच्या मोकळ्या बाजूकडे सरकवलेली. एकीचाही तुकडा मोडलेला नव्हता. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एका कुत्र्याचा कान आणि पुढचे पाय येऊन थांबले होते.

रामाने चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. हात पाहून तो म्हणाला की हा दादा. खाचराच्या बांधावर असाच बसायचा, पाणी यायची वाट बघत.

उज्वलाताईंनी दोन्ही चित्रे टेबलावर शेजारी ठेवली, हैबतीचे डावीकडे, रामाचे उजवीकडे, आणि थोडी वरखाली सरकवली. बाकाच्या फळीची रेघ एका कागदाच्या कडेला संपली आणि दुसऱ्याच्या कडेला तिथूनच सुरू झाली. चित्रे एकाच दुपारची होती. बाक एकच होता. मधली जागा कागदावर आलेली नव्हती, पण ती किती होती ते दोघांनाही कळत होते.

आणि आता उजवीकडच्या माणसाची नजर कुठे जाते तेही दिसत होते. ती भावाच्या तोंडाकडे जात नव्हती. ती थोडी खाली, मांडीवरच्या फडक्यावर जात होती.

उज्वलाताईंनी ते बोलून दाखवले नाही. रामा टेबलावर वाकून एका कागदावरून दुसऱ्या कागदावर बोट नेत होता. बोट दुसऱ्या भाकरीवर येऊन थांबले.

“दिसायच्या मला,” तो म्हणाला. “दोन हायत हे दिसायचं. मला वाटायचं, एवडं सगळं करून ह्याला भूक लागते.”

खाली बाजारात कुणीतरी शटर ओढले. पूजा दारात उभी होती, ती आत आली नाही. मग रामानेच पुढचे विचारले. फडके रिकामे कसे जायचे? उज्वलाताईंनी कोपऱ्यातल्या त्या कानाकडे बोट केले. ते कुत्रे रोज यायचे, त्या म्हणाल्या. मधली सुट्टी संपायची घंटा झाली की यायचे. सुट्टीभर ते लांबच बसून असे, तोवर त्याला कुणी काही टाकत नसे.

म्हणजे घंटेपर्यंत हैबती थांबायचा.

रामाने डावीकडचे चित्र पाकिटात घातले. उजवीकडचे उचलून त्याने उज्वलाताईंच्या हातात दिले आणि सांगितले की हे इथंच राहू दे, पुढं आनि कुठं लावाल तिथं पन लावा. तुमच्या ओळखीचे लोक बघतील, उज्वलाताई म्हणाल्या. बगू दे, तो म्हणाला. त्यांनी ते जुन्या जागी, त्याच चिमट्याला अडकवले. प्रदर्शनात ओळख पटूनही मागे राहिलेले ते एकच चित्र.

वर्षश्राद्धाला चार दिवस उरले होते, तेव्हा संध्याकाळी तो हैबतीच्या अंगणात गेला. अक्षय पोलादपूरला सामान आणायला गेला होता. बनुबाई एकटीच होती. तिने या वेळी चित्र लांब धरले नाही. ते हातावर घेतले आणि ओटीच्या खांबाला टेकून बसली. आधी तिने फडक्याच्या काठावरून बोट फिरवले. तो काठ तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा होता, चित्रात काळा असला तरी. मग भाकऱ्या पाहिल्या, हात पाहिले, कडेला सरकवलेल्या भाकरीपाशी पुन्हा आली. कुत्रे तिने सगळ्यांत शेवटी पाहिले, आणि तिथे ती जास्त वेळ राहिली.

“कुत्र्याला घालायचे,” ती म्हणाली.

“घंटा झाल्यावर. तोवर थांबायचे.”

“तुमाला कुनी सांगितलं?”

त्याने बाईंचे नाव सांगितले. एवढ्यावर थांबता आले असते. बनुबाई चित्राकडे बघत होती आणि तिचा राग आता कुणावरच उरलेला दिसत नव्हता. पण रामा अंगणात उभा राहूनच पुढचे बोलला.

“वैनी, मला दिसायच्या. दोन हायत हे दिसायचं. मी बगायचो. मला वाटलं दोन्ही तोच खातो.”

बनुबाईने मान वर केली. ती त्याच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की त्याला टोपी काढावीशी वाटली आणि त्याने ती काढली. मग चित्र उचलून ती आत गेली आणि आतून काडी ओढून दिवा लावल्याचा आवाज आला. रामा थोडा थांबून आपल्या घरी गेला. बोलावले की नाही, हे त्याला कळलेले नव्हते.

वर्षाच्या दिवशी सकाळी विधी झाले. भावकी जमली. ओटीच्या भिंतीवर चित्र लावलेले होते. चौकटवाल्याने ते मोठे करून देतो म्हटले होते, तेव्हा बनुबाईने अक्षयकरवी निरोप धाडला होता की आहे तेवढेच ठेवा. त्यामुळे मोठ्या चौकटीत मधोमध तो लहान कागद होता, आणि येणाऱ्याला पायरी चढून अगदी भिंतीपाशी जावे लागत होते. ह्यात तोंड कुठाय, असे एकाने विचारले. दुसऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला हाताने बाजूला सारले आणि म्हणाला, तोंड काय करायचंय, हैबतीच हाय.

रामा अंगणाच्या कडेला, तिरडी गेली त्या दिवशी उभा होता तसाच उभा होता. पंगतीची पाने मांडून झाली. बनुबाई आतून आली. हातात वाढायची भाकऱ्यांची टोपली होती. तिने पंगतीवरून नजर फिरवली, चित्राखालचा पाट मोकळा होता तिथे थांबली आणि अंगणाकडे वळली.

“रामा,” ती म्हणाली, “बस.”

तो पायरी चढला आणि पाटावर बसला. तिने वाकून पानावर भाकरी ठेवली. सवयीने त्याचा डावा हात पानापुढे आडवा आला. त्याला तो दिसला. त्याने हात उचलून गुडघ्यावर ठेवला, दुसराही दुसऱ्या गुडघ्यावर, आणि सगळ्यांचे वाढून होईपर्यंत मान खाली घालून तो तसाच थांबला.